जेवतानाचं मौन

मौन हे सर्व तपांत श्रेष्ठ मानलं जातं. पुण्यात ते पाळणारा माणूस मला एकच भेटला, तोही खानावळीत.

नारायण पेठेतली ती खानावळ आता बंद झाली. तिथे चातुर्मासात माझ्यासमोर एक वयस्कर गृहस्थ मुकाट्यानं जेवत. पोळी हवी असली की बोट वर, भात नको असला की ताटावर आडवा हात. एकदा हात धुताना मी विचारलं, "अहो, जेवताना मौन पाळून पुण्य लागतं, हे आपल्याला पटतं?"

"पुण्याचं मला ठाऊक नाही. वडील सांगायचे तेव्हा मी हसायचो. मग रोज स्वयंपाकाला नावं ठेवून बायकोला माहेरी घालवलं, तेव्हा हा नियम कशासाठी आहे ते कळलं. निदान चार महिने गप्प जेवेन म्हटलं, आणि ती परत आली."

"आता घरी त्या...?"

"ती गेली हो. पण जीभ तीच आहे ना!"

पुढे कित्येक दिवस मी त्यांच्याकडे आदरानं पाहत जेवलो.

कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपला. द्वादशीला पहिल्याच घासाला त्यांनी वाढप्याला हाक मारली, "काय हो, मीठ महाग झालंय का?"

आमटी खरंच अळणी होती.