हेर दारातून आत कसा येतो

बॅटरीकाका गेल्या माघ महिन्यात, एका गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, खोपोलीतल्या डायलिसिस सेंटरमध्ये वारले. वय सत्तरच्या पुढे. नक्की आकडा देता येत नाही, कारण शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख आहे आणि आधार कार्डावर दुसरी. राहणार कडाव, तालुका कर्जत. मूलबाळ नाही, मागे पत्नी आहे. आधी कर्जतच्या टॉकीजमध्ये डोअरकीपर, टॉकीज बंद पडल्यावर साजगावच्या एका कारखान्याच्या गेटवर रखवालदार.

माणूस दारातून आत कसा येतो, यावरून ते त्याची पारख करत. चेहरा, कपडे, बोलणं यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "तोंड काय, कोन बी घेऊन येतो," ते म्हणत. "पाय आत टाकताना मानूस खरा असतो." टॉकीजच्या काळ्या पडद्याशी हातात बॅटरी घेऊन त्यांनी तीस-एक वर्षं हेच पाहिलं होतं. शाळा बुडवून आलेली पोरं, भांडून आलेलं जोडपं, बिनतिकिटाचा पाहुणा, सगळे त्यांना उंबऱ्यावरच कळत. बॅटरी त्यांच्या हातात इतकी वर्षं राहिली की हजेरीपटाबाहेर त्यांचं खरं नाव कुणी वापरलं नाही.

रविवारी सकाळी टॉकीजला इंग्रजी चित्रपट लागत. त्यात एका हेराचे चित्रपट वरचेवर येत. हेर एकच; काही वर्षांनी नट बदलायचा, हेराचं नाव, काम आणि रुबाब तोच राहायचा. काकांना इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं. गोष्टीत त्यांना रस नव्हता आणि उशिरा येणाऱ्यांना जागा दाखवण्यात पहिला अर्धा तास जायचा. हेर दारातून आत येतो ती दृश्यं मात्र ते चुकवत नसत. त्यांनी पाच नट पाहिले आणि पाचांना नावं दिली.

पहिला पाटील. तो आत येतो तेव्हा खोली त्याच्या बापाची असते. दुसरा नवरदेव, आधी बायका बघतो, मग शत्रू. तिसरा जावई. त्याने हे काम एकदाच केलं. तो उंबऱ्यावर क्षणभर थांबतो, आत यावं की नाही असा. चौथा हेडमास्तर, कुणीतरी गृहपाठ केलेला नाही, हे त्याला बाहेरच कळलेलं असतं. पाचवा पैलवान. "त्याला दार कशाला पायजे?" काका विचारत. "भिंत असली तरी येतो."

या क्रमात एक चूक होती. जगाच्या हिशेबाने जावई दुसरा आणि नवरदेव तिसरा. पण तालुक्याच्या टॉकीजला जुन्या प्रती मिळेल तशा येत आणि कर्जतला जावयाच्या रिळांची पेटी नवरदेवाच्या नंतर उतरली. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी चहाच्या टपरीवर ही चूक दाखवून दिली. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, तुमचा क्रम लंडनचा. मी कर्जतचा सांगतो. आमच्याकडं वरात आधी आली, जावई मागनं आला. बरोबरच हाय की!" टपरी हसली. प्राध्यापकांनी चहाचे पैसे दिले.

मी त्या काळात एका दैनिकाचा कर्जतचा बातमीदार होतो. बाजारात कापडाच्या दुकानावर एक खोली होती, तेच कार्यालय. दुपारच्या आणि संध्याकाळच्या खेळांच्या मधल्या वेळात काका तिथे येत आणि माझ्याच दारातून पाचही हेर करून दाखवत. पाटील करताना ते खरोखर उंच दिसत. उंची पाच फूट तीन इंच होती. एकदा पैलवान करताना त्यांनी दाराला खांदा मारला आणि पलीकडे निवेदन घेऊन आलेले तहसील कचेरीतले एक कारकून जिन्यात बसले. "लागलं का रं?" काकांनी विचारलं. "काका, हे काय चाललंय?" कारकून म्हणाले. "पैलवान चाललाय. जावई करत व्हतो तेवा आला असतास तर वाचला असतास."

सगळ्या गावाला पाटील आवडायचा. काकांच्या मते जावई सगळ्यांत चांगला. त्यावरून त्यांची बहुतेकांशी भांडणं झाली. त्यांचं म्हणणं असं की आत बंदूक घेऊन कुणी बसला असेल, हे ज्याला ठाऊक आहे तो उंबऱ्यावर थांबणारच. "पाटलाला भ्याव नाय, कारन त्याला म्हायती हाय पिच्चर त्याचाच हाय. जावयाला ते म्हायती नाय." पुढे ते जोडत, "आन टॉकीजमदी जो पाटलासारखा येतो ना, त्याचं तिकीट पयलं बगायचं."

"काका, तुम्हाला इंग्रजी कुठे कळतं?" असं एकाने त्यांना हिणवलं होतं. काका म्हणाले, "दार कुठं इंग्रजीत असतं रं?"

टॉकीज बंद झाली तेव्हा मी मुंबईत डेस्कवर होतो. ती बातमी माझ्या हाताखालून गेली. चार ओळींची होती, तेवढीच ठेवली. काका साजगावला गेटवर लागले. दिवसाला तीनशे माणसं आत जाताना दिसतात, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. आवाजात समाधान होतं. पैलवानाचे शेवटचे चित्रपट त्यांनी टीव्हीवर पाहिले. मग पैलवानाने काम सोडल्याची बातमी आली. ती मीच त्यांना कळवली. त्यांनी विचारलं, "आता कोन?" मी म्हणालो, अजून ठरलेलं नाही.

त्यानंतर हा प्रश्न प्रत्येक फोनला आला.

निवृत्त होऊन मी खालापूरला राहायला आलो तेव्हा काकांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. मधुमेह जुना होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. कडावहून कर्जत, कर्जतहून खोपोली, सोबत काकू. मला जवळ पडायचं, म्हणून मी जाऊन बसत असे. चार तास यंत्र चालायचं. काकांचा बेड दारासमोर होता. तो त्यांनी मागून घेतला होता. नर्स, आया, पेशंट, जो आत येई त्याला ते हलक्या आवाजात नाव देत. काकू म्हणत, "गप पडा जरा. लोकं ऐकत्यात." ते गप्प पडत नसत.

"पेपरवाले, बातमी आली का?" मी बसलो की पहिला प्रश्न हा. नव्या हेराची नावं दर आठवड्याला कुठेतरी छापून येत होती आणि पुढच्या आठवड्यात खोटी ठरत होती. मी सांगायचो, अफवा आहे, कन्फर्म नाही. ते मान हलवत. एकदा मी विचारलं, एवढी घाई का? ते म्हणाले, "घाई नाय. खेळ सुरू झाला तरी ज्याचं तिकीट हाय तो येईपर्यंत मी दार सोडत नवतो. एवढंच हाय."

पौषात एका शनिवारी डॉक्टर फेरीला आले. दार ढकलून ते नेहमी सरळ आत येत. त्या दिवशी उंबऱ्यावर थांबले, हातातला कागद पाहिला, मग आले. कागदाबद्दल काही बोलले नाहीत. सलाईन बघितलं, "बरं आहे ना, काका?" म्हणाले आणि गेले. काका माझ्याकडे वळले. "बगितलंत? थांबले." मी म्हणालो, "फोन आला असेल." ते म्हणाले, "फोन हातात नवता. कागद व्हता."

बाहेर व्हरांड्यात डॉक्टरांनी मला सांगितलं की हृदय फार कमजोर झालं आहे, यंत्र झेपेनासं झालं आहे, आणि या वयात, या हृदयावर दुसरा उपाय नाही. किती दिवस, ते सांगता येणार नाही. मी आत गेलो. काकांनी मला आत येताना पाहिलं आणि काही विचारलं नाही.

माघात, काकांच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी काकूंनी मला फोन केला. त्या कमी बोलतात. "तुमी एक नाव सांगून टाका त्यास्नी," त्या म्हणाल्या. "कुनाचं बी. ते काय तपासाया जानारेत? झोपत बी नाय. सारका दाराकडं डोळा." मी म्हणालो, खोटं कसं सांगू? काकू म्हणाल्या, "पेपरात कदी खोटं आलं नाय का?" छत्तीस वर्षांत मी कन्फर्म नसलेली बातमी जाणूनबुजून छापायला सोडली नव्हती. काकूंना हे सांगून काही उपयोग नव्हता.

मंगळवारी मी गेलो. काकांना धाप लागत होती; एक वाक्य दोन श्वासांत येत होतं. "बातमी?" एवढंच म्हणाले. अफवेत त्या वेळी तीन नावं होती. त्यांतलं एक मी सांगितलं. म्हणालो, आलं, काल रात्री जाहीर झालं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पदराने काकांच्या कपाळावरचा घाम टिपला.

काकांनी ते नाव दोनदा तोंडात घोळवलं. मग विचारलं, "आत कसा येतो?"

या नटाचा एकही चित्रपट मी पाहिला नव्हता. पाटलासारखा म्हणावं, तर ते मोडीत काढतील. जावयासारखा म्हणावं, तर पुढे विचारतील, कुठल्या चित्रपटात, कुठलं दार. यंत्राचा आवाज येत होता. काका वाट बघत होते. बराच वेळ वाट बघितली त्यांनी.

"कन्फर्म नाय ना?" ते म्हणाले.

"नाही."

"मग छापू नका."

काकू उठून पाणी आणायला गेल्या. काका म्हणाले, "तिनं सांगितलं ना तुमाला?" मी हो म्हणालो. ते हसले, हसण्याने खोकला आला, नर्स धावत आली. खोकला थांबल्यावर त्यांनी डोळे मिटले. यंत्र सुटल्यावर आम्ही त्यांना रिक्षात बसवलं. गुरुवारी सकाळी नऊ वाजता यंत्र लावलं. दहा वाजून दहा मिनिटांनी रक्तदाब उतरला. मी खालापूरहून निघालो होतो, पोचायला पावणेअकरा झाले.

दहाव्याला मी कडावला गेलो. माणसं जेवून गेल्यावर काकू ओटीवर येऊन बसल्या. मग त्यांनी विचारलं, "आलं का वो नाव?"

मी फोन काढून पाहिलं. आलं नव्हतं.