भिंतीला टेकलेलं चित्र

संगीताचा फोन आला तेव्हा मी ब्रश धूत होतो. “दादा, मावशी गेल्या...” नलूताईंना ती मावशी म्हणायची; आजारपणात तिनेच त्यांना सांभाळलं होतं. मला रडू आलं नाही. पहिला विचार आला तो हा, की आता माझ्या चित्राचं काय? आला खरा, काय करू!

नलूताई क्युरेटर. नव्या चित्रकारांची प्रदर्शनं मांडण्यात त्यांचा जन्म गेला आणि आम्ही चित्रकार हाच त्यांचा गोतावळा. ‘यातलं काही कळत नाही बुवा’ म्हणणाऱ्याला त्या हाताला धरून चित्रासमोर उभं करायच्या, “कळू दे नाहीतर राहू दे, आधी बघा तर!” कोपरखैरण्याला आमच्या घरी आल्या, मांडी घालून तांदळाची भाकरी नि सुकटीचं कालवण जेवल्या आणि माझं मोठं पांढरं चित्र त्यांनी माझ्या आईलाच दाखवलं. आई म्हणाली, “यो तं आपला मिठागर हाय!” नलूताई खूश. मग बडीशेप चघळत माझ्याकडे वळल्या. “पण हा खालचा राखाडी कोपरा... इथे तू घाबरलायस. चित्र झालं नाही अजून.”

डोकंच फिरलं माझं. मी आणि घाबरलो? चित्र त्या नेरूळला घेऊन गेल्या. त्यांच्या घरचा नियम होता : झालेलं चित्र भिंतीवर, न झालेलं खाली, भिंतीला टेकून. माझं टेकूनच राहिलं. दर भेटीत मी आधी तिकडे बघायचो, मग त्यांच्याकडे. “अगं बाई, परत तोच चेहरा!” त्या हसायच्या. “बघतेय रे मी रोज.” बाकीच्यांची चित्रं एकेक करून वर चढली. मी भांडायचो, चहा पिऊन परत यायचो. कोपऱ्याला मात्र हात लावला नाही. हट्ट, दुसरं काय!

दिवसकार्य झाल्यावर नेरूळला गेलो. हॉलमधली ती जागा रिकामी होती. मी संगीताकडे वळलो.

“आतल्या खोलीत हाय की,” संगीता म्हणाली.

होतं. भिंतीवर होतं! पण इतकं खाली, की तो कोपरा नेमका पलंगावरच्या उशीसमोर यावा.

“मी म्हटलं, एवढ्या खाली कोण खिळा मारतं? तर म्हणाल्या, मार गं. उभ्यानं बघून चुकले मी. तो पोरगा घाबरला नव्हता, हे आडवं पडल्यावर दिसलं.”

“मला का नाही कळवलं?”

“फोनवर नको म्हणाल्या. तुमी आलात की तुमचा चेहरा बघायचा होता त्यांना... मग एकाएकी दवाखान्यातच न्यावं लागलं.”

चित्र आता माझ्या खोलीत आहे, तितक्याच खाली. त्याच्यासमोर फरशीवर आडवा पडतो. कधी पाठीमागून बडीशेपेचा वास येतो, मी वळून बघत नाही. त्या कोपऱ्याकडे बघत राहतो... मला तो अजूनही घाबरलेलाच दिसतो. ताई, तुमचं पहिलंच म्हणणं खरं होतं. हे ऐकायला तरी थांबायचं होतंत.