सुसरीच्या तोंडातला जांभळा खण

आधीच सांगते, भूत, भानामती, अंगात येणं यातलं मला काही पटत नाही. चौदाव्या वर्षीही पटत नव्हतं, आणि आता नव्वदी ओलांडल्यावर तर भुतांनीच मला भ्यायची वेळ आलीय. पण परवा नातसून बोटीतून मगरी बघायच्या ट्रिपला जाऊन आली. मोबाइलवर व्हिडिओ दाखवत म्हणाली, "आजी, इतक्या जवळून तुम्ही कधी बघितली नसेल."

मी म्हटलं, बघितलीय बाई. हातभर अंतरावरून... आणि तिच्या तोंडात काय होतं तेही बघितलंय. ती हसली. म्हणून हे तुमच्या सदराला लिहून पाठवतेय.

आमचं गाव परंडा तालुक्यात, सीना नदीच्या काठी. अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडून इंग्रज नुकताच गेलेला. निजाम जायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नदीला पूल नाही, होडी नाही. पाटलांची गूळ शिजवायची मोठी काहील होती. गुऱ्हाळ बंद असलं की तीच नदीत सोडायची आणि तिच्यात बसून पलीकडं जायचं. वल्हवायला हुसेनचाचा. काहील गोल, त्यामुळं सरळ जाण्यापेक्षा गरगर फिरायची हौस जास्त... अगदी माझ्यासारखी. मी तेव्हा चौथी पास. गावात चौथी पास मुलगी मी एकटीच, म्हणून हैदराबादचा कारभार माझ्याच सल्ल्यानं चालतो असं मला वाटायचं.

माझी थोरली बहीण, आक्का, पहिल्या बाळंतपणाला आली होती. भाद्रपदात, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या आणि बाळ अडलं. सुईण म्हणाली, "माज्या हातचं न्हाय हे. पलीकडं न्या." पलीकडच्या हद्दीत डॉक्टर होता. उजाडताच काहिलीत बसलो — आक्का, तिचं डोकं मांडीवर घेतलेली आई, मी आणि हुसेनचाचा.

पोटुशी बाई नदी ओलांडते तेव्हा नदीची ओटी भरायची, हा आमच्याकडचा रिवाज. मधल्या धारेला सुसर राहते, ओटी तिची. तांदूळ, नारळ, खण. परडी माझ्या हातात होती. खण जांभळा, रेशमी काठाचा. त्याच्या कोपऱ्यावर आईनं हळदीची दोन बोटं ओढलेली.

"मधल्या धारंला सोड," आई म्हणाली. "आन म्हन, सुसरबाई, तुजी पाठ मऊ."

"सुसरीची पाठ मऊ नसते. पुस्तकात लिहिलंय."

हुसेनचाचा हसले. "पुस्तक लिवणाऱ्याला ह्या काहिलीत बसवाया पायजे हुतं. म्हन, पोरी."

आक्कानं डोळे उघडले. कळ गिळत म्हणाली, "म्हन की गं शहाणे. माज्यासाठी म्हन."

मी पुटपुटले. तांदूळ सोडले, नारळ सोडला. खण मात्र आईची नजर चुकवून परकराच्या नेफ्यात खोचला. सुसरीला काही चोळी शिवायची नव्हती, हे माझं शास्त्र. मला शिवायची होती.

काहिलीनं अर्धी गिरकी घेतली आणि सुसर वर आली. आधी नाकपुड्या, मग डोळे, मग शेवाळलेली खडबडीत पाठ. डोळ्यावर काचेसारखा पातळ पडदा आडवा सरकला. जबडा अर्धवट उघडा... आणि दातांत जांभळा खण. तोच काठ. कोपऱ्यावर हळदीची दोन बोटं.

मी नेफ्याला हात लावला. खण तिथंच होता. कोरडा.

"घेतली," आई म्हणाली. "घेतली गं बयेनं ओटी." तिनं आक्काच्या कपाळावर गाल टेकला. सुसर खाली गेली.

डॉक्टरपर्यंत पोचलो, तरी आक्का त्याच संध्याकाळी गेली. बाळही.

आई पुढं कित्येक दिवस एकच बोलायची, "नदीनं ओटी घेतली हुती. मंग कमी काय पडलं?" गावानं तिला उत्तर शोधून दिलं. वर्षच तसं होतं, शेजारी शेजाऱ्याकडं वाकडं बघत होता. कुणीतरी म्हणालं, ओटीच्या काहिलीला परजातीचा हात होता. आधी आख्खं गाव त्याच हातानं पलीकडं जात होतं, तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं. आईनंही तेच धरलं. पाटलांनी काहील काढून घेतली. हुसेनचाचा घरदार उचलून भूमला मेव्हण्याकडं गेले. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं — खण माझ्याकडं आहे. एवढी चौथी पास मी, ते एक वाक्य काही जमलं नाही.

लग्नानंतर सासूबाईंबरोबर भूमच्या बाजाराला गेले. बांगड्या भरायला बसले, तर समोर हुसेनचाचा. सासूबाई शेजारी भांडी बघत होत्या. चाचा माझा हात दाबून बांगडी चढवत होते. मी हळूच म्हणाले, "चाचा, खण मी ठेवला होता."

त्यांनी मान वर केली नाही. "ठाव हाय. खोचताना बघितलं म्या."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुज्या आईची एक पोर गेली हुती. दुसरीबी कशाला घालवू? हात ढिला सोड, लागंल."

बांगडी चढली. मी विचारलं, "मग सुसरीच्या तोंडात काय होतं?"

आता त्यांनी माझ्याकडं बघितलं. "खणच हुता. हळदीची बोटंबी बघितली म्या. कुठनं आला, ते तू सांग. तू शिकलेली हायस."

माझी नात कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. ती म्हणते, शेवाळ असेल, उजेडाचा खेळ असेल. असेलही... पण आई, चाचा आणि मी, तिघांना एकाच वेळी तोच खण कसा दिसला, हे तिलाही सांगता येत नाही. आई गेली ती "कमी काय पडलं" असं विचारतच गेली. मी उशाशी होते. तेव्हाही बोलले नाही. ती मधली धार आता धरणाच्या पाण्याखाली आहे.

खण माझ्या ट्रंकेत आहे. त्याची चोळी कधी शिवली नाही. हळद अजून पिवळी आहे. आणि चाचांना द्यायचं उत्तर मला अजूनही सापडलेलं नाही. मी नुसतीच चौथी पास.