बेक्ड बीन्स, घरच्यासारखे

परदेशात चाळीस वर्षं काढली की माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. आइस्क्रीमचे रिकामे डबे आणि किस्से. डबे मी माझी बायको नलिनी गेल्यावर टाकून दिले. किस्से काही टाकता येत नाहीत, आणि ऐकायला आता घरात कुणी नाही. म्हणून तुम्हाला धरलंय!

ग्लासगोत आम्हा मराठी डॉक्टरांची चार-पाच घरं. सगळे आता रिटायर्ड. तरुणपणी आमच्या आया भारतातून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर चकल्या आणि मेतकूट पाठवायच्या. आता आमची पोरं अमेरिकेत. त्यांना चकल्या नकोत. त्यांना डायजेस्टिव्ह बिस्किटं हवीत, क्रम्पेट्स, म्हणजे ते जाळीदार गोल पाव, हवेत, टी-बॅग्ज हव्यात. कुणी अमेरिकेला निघालं असं कळलं, की दुसऱ्या मिनिटाला फोन : "बॅगेत जागा आहे का?"

*

पहिला किस्सा गायकवाडचा. हा नागपूरचा, आमच्यातला मनोविकारतज्ज्ञ. ऐन उमेदीत दर वर्षी नागपूरहून मसाला आणायचा तो शर्टाच्या घड्यांत लपवून. ती सवय हाताला इतकी भिनलेली, की मुलासाठी बिस्किटं नेतानाही त्याने प्रत्येक पुडा एकेका शर्टात गुंडाळला आणि वर मोजे भरले!

अमेरिकेच्या कस्टम्सवाल्याने बॅग उघडली. एक शर्ट, एक पुडा. दुसरा शर्ट, दुसरा पुडा. तो चक्रावला. "सर, ही लपवलीत कशाला? ही तर इथल्या दुकानातसुद्धा मिळतात."

गायकवाड हळूच म्हणाला, "मला माहीत आहे. माझ्या मुलाला सांगू नका."

*

नलिनीने इंग्रजी चहाला जन्मभर नावं ठेवली. "पिशवी बुचकळली की म्हणे झाला चहा!" घरात आलं घालून उकळलेला चहाच व्हायचा.

आमची केतकी लग्न करून ओहायोला गेली. पहिल्याच रविवारी तिचा फोन आला. "आई, इथे केटल नाहीये! मार्क पाणी मायक्रोवेव्हमध्ये गरम करतो, अगं. आणि त्यात टी-बॅग टाकतो!"

नलिनीने हातातला आल्याचा चहा खाली ठेवला. मग म्हणाली, "हे लग्नाआधी सांगायला हवं होतं त्याने."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः दुकानात जाऊन टी-बॅग्जची चार खोकी आणली. वजनकाट्यावर ठेवून, कुणाच्या बॅगेत किती बसतील याचा हिशोब करत बसली होती.

*

एकदा आम्ही दोघं ओहायोला गेलो होतो. केतकी एका भल्यामोठ्या सुपरमार्केटमध्ये घेऊन गेली. एका गल्लीत साऱ्या जगाचं खाणं मांडलेलं. एका बाजूला भारताचं कपाट, त्याच्या बरोबर समोर ब्रिटनची एक चिमुकली फळी. केतकी त्या फळीपुढे ब्राऊन सॉसची बाटली हातात घेऊन उभी. नलिनी समोरच्या कपाटापुढे पोह्यांची पिशवी चाचपत. मायलेकी एकमेकींकडे पाठ करून उभ्या, दोघींना दोन वेगळ्या देशांची आठवण येत होती. मधे मी, ट्रॉली धरून.

दुकानातल्या माणसाने अदबीने विचारलं, "तुम्हाला काही सापडत नाहीये का?"

म्हटलं, "मला काही नकोय. मी फक्त ड्रायव्हर."

तेव्हा मोठा विनोद केल्यासारखं वाटलं होतं मला.

*

गायकवाडची बायको मीना. तिच्या मुलाने क्रम्पेट्सचा धोशा लावला होता. "आई, स्वप्नात येतात गं!" म्हणून ही बाई बारा पुडे घेऊन न्यू जर्सीला गेली. त्याने त्याच दिवशी दोन क्रम्पेट्स भाजले, वर लोणी थापलं आणि डोळे मिटून खाल्ले.

पुढच्या वर्षी मीना पुन्हा गेली. फ्रीझर उघडला, तर अकरा पुडे जसेच्या तसे!

"अरे, खाल्ले का नाहीस?"

"संपतील ना, आई."

त्या पुड्यांच्या मागे, बर्फाने पांढरी झालेली एक पिशवी होती. मीनाने ओढून काढली. तीन वर्षांपूर्वी तिनेच केलेल्या पुरणपोळ्या!

*

दोन वर्षांपूर्वी नलिनी गेली, आणि पार्सलचं खातं माझ्याकडे आलं.

खरं सांगतो, तोवर केतकीशी माझं बोलणं रविवारी अर्ध्या मिनिटाचं. "बाबा, बरा आहेस ना?" "हो." "आईला दे." आता द्यायला आई नव्हती. फोन असाच संपायला लागला. मी खिडकीतून ग्लासगोचं हवामान वाचून दाखवायचो. तेही दर रविवारी तेच.

मग एकदा ती म्हणाली, "बाबा, बीन्स पाठवशील? आपल्या घरचे?"

आमच्याकडे शनिवारी सकाळी टोस्टवर बेक्ड बीन्स, म्हणजे टोमॅटोच्या रसातले डबाबंद घेवड्याचे दाणे, असायचे. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! दुकानातून बारा डबे उचलले. काउंटरवरच्या बाईने डबे बघितले, मग माझ्याकडे बघितलं.

"एकटेच राहता का हो?"

"हो."

"रोज बीन्स खाऊन कसं भागेल? ब्रोकोली अर्ध्या किमतीत आहे आज. थांबा, आणून देते."

मुलीसाठी आहेत, असं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्या आठवड्यात मी जेवलो की नाही, हे विचारणारं तेवढं एकच माणूस होतं. ब्रोकोली घेऊन आलो. मला ब्रोकोली आवडत नाही.

*

गायकवाडने डबे न्यू जर्सीपर्यंत नेले, तिथून कुरिअरने ते केतकीकडे गेले. रविवारी फोन आला. "बाबा, हे ते नाहीत. चव वेगळी लागते."

मी दुसरी कंपनी शोधली. "हेही नाहीत." तिसरी, चौथी, जो कुणी अमेरिकेला निघेल त्याच्या बॅगेतून. गायकवाड वैतागला. "भास्कर, तुझ्या बीन्सपायी माझ्या बॅगेचं चाक मोडलं!"

शेवटी एका रविवारी केतकी म्हणाली, "जाऊ दे बाबा. राहू दे. नको पाठवू आता."

इतकं साधं वाक्य, पण मी घाबरलो. बीन्स संपले तर पुढच्या रविवारी आम्ही बोलणार काय? पुन्हा हवामान?

त्याच धास्तीत मीनाला फोन लावला. "वहिनी, नलिनी कुठल्या कंपनीचे बीन्स आणायची?"

"कंपनीचं काय घेऊन बसलात? जो डबा स्वस्त असेल तो! वर फोडणी द्यायची ती, हिंग-मोहरीची. आणि तिचा गोडा मसाला, चिमूटभर. भावजी, जन्मभर खाल्लेत ना? तुम्हाला माहीत नाही?"

"मला वाटलं, ते डब्यातच असतं."

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. माझ्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधले बीन्स बेचव असतात, अशी मी तीस वर्षं तक्रार करत होतो!

*

कपाटाच्या वरच्या फळीवर, मागे, बरणी सापडली. नलिनीच्या अक्षरात चिठ्ठी : 'गोडा'. तळाशी चार चमचे मसाला उरला होता.

फोनवर नुसतं सांगता आलं असतं. ते सांगितलं नाही. बरणी पोस्टाने पाठवायचा धीर झाला नाही, आणि गायकवाडच्या मोज्यांत तर नाहीच नाही. तिकीट काढलं.

"बाबा, तू येतोस? एकटा?"

"हो. बीन्स घेऊन येतोय."

अमेरिकेच्या कस्टम्सवाल्याने बरणी उजेडात धरली. "हे काय आहे?"

मी म्हटलं, "ब्रिटिश फूड."

त्याने झाकण उघडून वास घेतला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा वास घेतला. झाकण लावून बरणी जपून परत दिली आणि म्हणाला, "मी लंडनला गेलोय, सर. तिथे असं काही मिळालं नाही."

केतकीच्या घरी पोहोचलो. बीन्स गॅसवर ठेवले होते, टोस्ट तयार होते. मी बरणी तिच्या हातात दिली आणि मीनाने सांगितलेलं सगळं सांगितलं. तिने चिठ्ठी वाचली. झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग झाकण घट्ट, अगदी घट्ट लावलं.

"बाबा, हे नाही वापरायचं."

"मग बीन्स?"

"असेच खाऊ."

आम्ही टेबलाशी समोरासमोर बसलो. बीन्स गुळचट, पाणचट, कॅन्टीनसारखे.

"घरच्यासारखे नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत," मी म्हटलं.

आणि दोघांनीही पुन्हा वाढून घेतले.