जमादारिणीच्या गुंजा

आमच्या घरात तराजू नव्हता. तोलून ठेवावं असं काही घरात येतच नव्हतं. आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची, मजुरीची ज्वारी पदरात आणायची आणि किती भाकरी होतील ते मुठीने ठरवायची. म्हणून जमादारिणीच्या आतल्या खोलीत सोनाराचा असतो तसा छोटा तराजू दिसला, तेव्हा मला तो देव्हाऱ्यातला वाटला. ती त्याच्यासमोर बोलत नसे. श्वाससुद्धा मान वळवून सोडायची.

तिचा नवरा साहेबलोकांना शिकारीला जंगलात नेणारा जमादार. मुधोळकडच्या आमच्या गावात तिला सगळे जमादारीणच म्हणत. नाव कुणी विचारलं नाही, मीही नाही. विलायती काडतुसं मिळेनाशी झाली, तेव्हा रायफलीच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरायची वेळ आली. जमादाराला धीर नव्हता. भरायची ती. बारूद तोलायला वजनं म्हणून गुंजेच्या बिया. पण सगळ्या गुंजा सारख्या भरत नाहीत, म्हणून शेकड्यांतून तिने वीसच वेचल्या होत्या. बाकीच्या अंगणात टाकल्या, तिथे वेल माजला होता.

एका बैठकीत भरलेली काडतुसं एकाच डब्यात. दोन डबे मिसळायचे नाहीत. घरात भांडण झालं त्या दिवशी तराजू काढायचा नाही. "हातात राग असला का बारूद जास्त पडते," ती म्हणायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत त्यामुळे फारच थोडी काडतुसं भरली गेली, हेही तिनेच सांगितलं, न हसता.

एकदा पाहुण्या साहेबांपुढे जमादाराने पाच गोळ्या नारळाच्या करवंटीएवढ्या जागेत मारल्या. त्याला शाल मिळाली. घरी येऊन ती खुंटीला लावली आणि त्याने जेवायला मागितलं.

"निशाणा त्याचा," ती मला म्हणाली. "सारखेपणा माहा. सारखेपणाले कोन शाल देते?"

जमादार गेला तशी रायफल आणि बारूद ठाण्यात जमा झाली. मूलबाळ नव्हतं. मागे चाळीसेक रिकाम्या पुंगळ्या राहिल्या. दर रविवारी ती त्या पुसायची, तोलायची, हलक्या एकीकडे, जड एकीकडे लावायची आणि परत डब्यात भरून ठेवायची. कुणासाठी, हे मी विचारलं नाही.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी रसायनाच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास झाले. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून तीन रीडिंग सारखी आणायची असतात. माझी येत नव्हती, म्हणून मी तिन्हीकडे एकच आकडा लिहिला. सरांनी समोर करून दाखवायला सांगितलं आणि माझं खोटं उघडं पडलं. पुन्हा नापास झाले तर कॉलेज बंद, आईबरोबर कापसात, असं मामाने ठरवून टाकलं होतं.

जमादारिणीच्या शेतात निंदायला गेलेल्या आईने तिला हे सांगितलं. तिने मला बोलावलं.

"काऊन वं, एकच काम तीनदा केलं, अन् आकडे येगळे?"

"हो काकू."

"मंग तीनही येळा तू येगळी होती."

तिने एकाच वजनाच्या पुंगळ्या पुढे ठेवल्या, वाटीत बारीक वाळू दिली, दार लावलं. दहा पुंगळ्यांत सारखी वाळू भरायची. भरून झाल्यावर ती एकेक तोलायची. पहिल्या दिवशी तीनच जमल्या.

"चौथीच्या येळी तू दाराकडं पाह्यलं," ती म्हणाली.

खरं होतं. बाहेर कुणाचा तरी आवाज आला होता. आमच्या वस्तीतली पोर तिच्या आतल्या खोलीत बसलेली कुणी पाहू नये, असं मला वाटे. तिला तसं कधी वाटलं नाही. तसंही तिच्याकडे येत कोण होतं?

दोन महिने मी वाळू भरली. तोच पाट, तीच वाटी, तोच चमचा. एक दिवस दहाच्या दहा जमल्या. तिने शाबासकी दिली नाही. सगळी वाळू ओतली आणि म्हणाली, "उद्या."

परीक्षेत माझी दोन रीडिंग सारखी आली, तिसरं एका खुणेने जास्त. माझा हात थांबला. मग जास्त आलं ते जास्तच लिहिलं आणि चौथं घेतलं. ते पहिल्या दोनांसारखं आलं.

एस.टी.तून उतरून घरी न जाता मी आधी तिच्याकडे गेले. प्रॅक्टिकल कसं गेलं, ते तिने विचारलं नाही.

"तिन्ही?" एवढंच म्हणाली.

"तिसरं जास्त आलं, काकू. जास्तच लिहिलं."

तिने गुंजांची डबी बंद केली. मग मान न वळवता, तराजूसमोरच, तिने लांब श्वास सोडला.

मी बी.एड.ला असताना ती उन्हाळ्यात गेली. मला दोन आठवड्यांनी कळलं. जमादाराचा पुतण्या मंचेरियलहून येऊन घराला कुलूप लावून गेला होता. अंगणात गुंजेचा वेल तेवढा होता.

गावात अजून जमादाराच्या निशाण्याच्या गोष्टी निघतात. मी ऐकून घेते, आणि काडतुसं भरायची कोण, ते दर वेळी सांगते.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली.