मसाफीच्या डोंगरातली दोन पोती काळी वाळू

आणि दादाचं परत तेच. फोन कार्डावर पंधरा मिनिटं असतात, त्यातली बारा त्यानं ह्यातच घालवली. "अरं, सोन्याच्या गावात ऱ्हातोस आन् सोनं हुडकाय डोंगरात जातोस? बाजारात जा, काचेतनं बघ, गप घरी ये." बाजारातलं सोनं दुसऱ्यानं काढलेलं असतं, हे त्याला किती वेळा सांगायचं. आमच्या घरात तीन पिढ्यांनी सोनं वितळवलं, पण ते जमिनीतून वर येताना एकानंही पाहिलेलं नाही. मला पाहायचंय. ह्यात डोकं फिरल्यासारखं काय आहे, मला अजून कळलेलं नाही.

दादाकडे कॉम्प्युटर नाही, त्यामुळे तो हे वाचणार नाही. इंटरनेट कॅफेत तासाला तीन दिरहॅम मोजून बसलोय, तेव्हा मोकळेपणानं लिहितो.

आम्ही विट्याकडचे. आमच्या भागातली माणसं देशभर गलाईची दुकानं चालवतात, म्हणजे लोकांचं जुनं सोनं वितळवून, गाळून शुद्ध करून द्यायचं. दादाचं दुकान मदुराईत आहे. सातवीतून शाळा सोडून मी चार वर्षं त्याच्या शेगडीपुढे बसलो. मग कंटाळलो आणि इकडे आलो. आता शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गाड्या दुरुस्त करतो. पगार अकराशे दिरहॅम, बाराच्या भावानं तेरा हजार दोनशे रुपये. सुट्टी फक्त शुक्रवारी.

डोंगरातल्या माझ्या दोन खेपा रिकाम्या गेल्या होत्या, म्हणून दादाला जोर चढला होता. कार्ड संपत आलं तसा तो म्हणाला, "ह्या बारीला डोंगरातनं सोनं निघालं तर परत ये म्हणून कधी बोलणार न्हाई. न्हाई निघालं तर व्हिसा कॅन्सल कर आन् मदुराईला ये. हाय कबूल?"

"कबूल," म्हणालो. तेवढ्यात लाइन गेली.

म्हणजे जानेवारीच्या ह्या ट्रिपवर माझं इथलं राहणं टांगलेलं होतं. मोकाशीसाहेबांना मी हे सांगितलं नाही. साहेब पुण्याचे, दुबईत एका कंपनीत इंजिनियर. त्यांच्या जुन्या फोर-व्हीलचं काम माझ्याकडे यायचं, त्यातून ओळख झाली. त्यांनी अमेरिकेहून सोनं धुवायची हिरवी प्लॅस्टिकची थाळी आणि धातू शोधायचं मशीन मागवलेलं. पहिल्या ट्रिपला त्यांनी मला मेकॅनिक म्हणून नेलं. दुसऱ्या ट्रिपपासून मी माझा खर्च माझा देतो. फुकट गेलं की गाडीतली मागची सीट आणि लोकांचे डबे आपल्या वाट्याला येतात.

गुरुवारी दुपारी निघालो. साहेब, त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी रेवा आणि मी. शारजाहून धैदचा रस्ता सरळसोट. आधी लाल वाळू, मग बाभळीसारखी खुरटी झाडं, मग एकदम समोर डोंगर उभे राहतात, काळे-तपकिरी, कोणी जाळून ठेवल्यासारखे. मसाफीच्या रस्त्याकडेच्या बाजारात थांबा. गालिचे आणि कुंड्या घ्यायला माणसं पार दुबईहून येतात, आपण भाजलेलं कणीस घ्यायचं आणि पाणी भरून घ्यायचं. पाण्यात काटकसर करू नका. माणशी आठ लिटर धरा, वाळू धुवायला लागतं ते वेगळं. पेट्रोलही इथेच भरा, पुढे भरवसा नाही.

मसाफीच्या पुढे डांबर सोडून वादीत उतरलो. वादी म्हणजे डोंगरातला कोरडा ओढा. बाहेरून नुसते गोटे दिसतात, आत तासभर गेल्यावर कुठेतरी वळणावर हिरवं पाणी साचलेलं असतं आणि त्यात बोटभर मासे. डोंगरावर ढग दिसला तर एक मिनिट थांबू नका, बाहेर पडा. ऊन असताना वरून पाणी येतं आणि गाडी खेळण्यासारखी नेतं.

पाण्याजवळ एक म्हातारा बकऱ्या पाजत होता. इथलाच, अरबी, डोक्याला फडकं, पायात रबरी चपला. तिथं हात लावायच्या आधी विचारावं, म्हणून मी सलाम केला. त्याचं हिंदी माझ्यापेक्षा बरं होतं.

"क्या ढूंढता है?"

"सोना, चाचा."

त्यानं आमच्या तिघांकडे, हिरव्या थाळीकडे, मग माझ्या फावड्याकडे पाहिलं. "सोना दुबई के देरा बाजार में है. टॅक्सी से जाओ."

"वहाँ पैसा लगता है."

"यहाँ नहीं लगा?" तो म्हणाला. रेवा खो खो हसली. तो मात्र हसला नाही. "पत्थर उठाओ, रेती उठाओ. मेरा बकरी मत उठाओ. यल्ला, चलो." आणि बकऱ्या घेऊन वर गेला.

साहेबांचं मशीन दोन तास कुंई-कुंई करत होतं. मिळालं काय, तर मासळीचे चार डबे, एक खिळा आणि तळ गेलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. सोनं जड असतं, पाणी त्याला फार लांब नेत नाही. मोठ्या दगडाच्या पाठीमागे, जिथे पाण्याचा जोर मोडतो, तिथे खोल खणायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. दुकानाची झाडलोट धुताना सोनं परातीत कुठे बसतं ते चार वर्षं बघितलंय, ओढा म्हणजे तशीच लांबलचक परात. कंबरभर खड्डा केला. तळाला काळी वाळू लागली, हातात घेतली की मनगट खाली जावं अशी.

थाळी फिरवली. गोटे गेले, माती गेली, शेवटी काळ्या रेषेत दोन-तीन पिवळे कण.

"ओ माय गॉड, बाबा, लुक," रेवा म्हणाली. "इज दॅट इट?"

साहेब गुडघ्यावर बसले. पन्नाशीचा माणूस, ऑफिसात चाळीस जणांवर साहेबी करतो. मी नखानं एक कण दाबला, त्याचा भुगा झाला. सोनं चेपतं, त्याचा भुगा होत नाही. "अभ्रक आहे," म्हणालो. दुसराही तसाच. तिसरा इतका बारीक होता की नखाखाली गेला तो सापडलाच नाही.

"दॅट वन वॉज गोल्ड," रेवा म्हणाली.

"असेल," मी म्हणालो. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

साहेब उरलेली काळी वाळू ओतून द्यायला निघाले, तसा मी थाळीच धरली. पुस्तकात लिहिलंय म्हणे, पिवळं दिसलं नाही की फेकायचं आणि पुढे जायचं. आमच्यात काहीच फेकत नाहीत. दुकानाचा केर, हात पुसायचं फडकं, जुनी गोणपाटं, सगळं साठवून वर्षाकाठी जाळतात, धुतात, त्यातून सोनं निघतं. न दिसणारं सोनं हेच आमचं पोट. मी पिठाची दोन पोती काळ्या वाळूनं भरली.

"अरे संपत, हे एवढं वजन गाडीत? सस्पेन्शन जाईल."

"सस्पेन्शन मीच दुरुस्त करतो, साहेब."

तंबू त्यांनीच लावला, आणि डाळभात मात्र मी केला. थंडी होती. सकाळी जाग आली तेव्हा समोरचा सगळा डोंगर जांभळा झालेला आणि पाण्यावर वाफ. गॅरेजात मला सहा वाजता पत्र्यावरची धूळ दिसते. त्या सकाळसाठी मी पुन्हा जाईन, सोनं गेलं खड्ड्यात, असं एक क्षण वाटलं. मग पोती आठवली. दुपारपर्यंत आणखी दोन खड्डे खणले आणि परतलो. येताना गाडी गोट्यांत फसली तेव्हा टायरमधली हवा कमी करून मीच काढली. टायरमध्ये हवा भरायचा पंप सोबत ठेवा, नाहीतर डांबरावर आल्यावर बोंबलत बसाल.

माझा खर्च लिहितो, जाणाऱ्यांना उपयोगी पडेल. पेट्रोलचा वाटा तीस, खाणं-चहा अठ्ठावीस, फावडं आणि चाळण पंचेचाळीस, गुरुवारचा कापलेला पगार सदतीस. एकशे चाळीस दिरहॅम, म्हणजे सोळाशे ऐंशी रुपये.

पुढच्या शुक्रवारी गॅरेज बंद असताना फोरमनची परवानगी काढून एक पोतं धुवायला घेतलं. धुऊन धुऊन मूठभर ठेवलं. मदुराईहून येताना मी दादाची एक जुनी मूस पिशवीत टाकून आणली होती. मूस म्हणजे सोनं वितळवायचं मातीचं भांडं. खोलीत ती उदबत्त्या लावायला वापरायचो. तिच्यात वाळू घातली, मळ सुटायला सवागी म्हणजे टाकणखार टाकला आणि गॅसची ज्योत दिली. अर्ध्या तासानं ओतलं. वाळू वितळून झालेली काच थंड झाल्यावर फोडली तर तळाला मोहरीएवढा मणी. पिवळा.

मी खाली बसलो. खरंच बसलो, तेलकट फरशीवर. मग तसाच शारजातल्याच रोल्याच्या बाजारात जाऊन वजन केलं. नव्वद मिलिग्रॅम. दुकानदार म्हणाला, "भैया, साढ़े चार दिरहॅम." चौपन्न रुपये. पण मला त्याची किंमत कुठे करायची होती. माझा व्हिसा त्या मण्यात होता.

परत येताना बसमध्ये तो तळहातावर घेऊन पाहत होतो, तेव्हा ध्यानात आलं. मण्यात लाली होती. ती तांब्याची. नदीच्या सोन्यात चांदी असते, ते फिकट दिसतं असं दुकानात ऐकलेलं. तांबं दागिन्यात असतं. सोनार घालतो.

गलाईच्या दुकानात जुनी मूस फेकत नाहीत, कुटून धुतात. वर्षानुवर्षं सोनं प्यायलेली असते ती. हे शेंबडं पोरही जाणतं, आणि मी तीच मूस घेऊन बसलो होतो. तरी खात्री केली. तीच मूस, वाळू नाही, नुसती सवागी. मणी आला, आधीच्यापेक्षा लहान. मग पंधरा दिरहॅमची नवी मूस आणून दुसऱ्या पोत्याची वाळू तशीच धुऊन लावली. काच निघाली, हिरवट. तिच्यात काही नव्हतं.

मण्याचं दादाला सांगून गप्प बसता आलं असतं. मूस माझ्याकडे आहे हेही त्याच्या लक्षात नसेल. साहेबांना फोनवर सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "संपत, टेक्निकली तू गोल्ड काढलंस. सोड ना." पण मुशीतलं सोनं ज्याची मूस त्याचं. मी हरलो तर हरलो. त्यासाठी दादाचंच सोनं दादाला दाखवून जिंकायचं नव्हतं.

फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे शेगडीच्या ब्लोअरचा आवाज येत होता.

"माझी मूस चोरून न्हेलीस व्हय रं," दादा म्हणाला.

"उदबत्तीला न्हेली हुती."

"मग कवा येतोस?"

"येत न्हाई."

"शब्द दिला हुतास."

"दिला हुता. मोडला. शिव्या घाल. पर शेगडीपुढं आता बसणार न्हाई, दादा. तिथं मी सोन्याकडं बघत नव्हतो, घड्याळाकडं बघायचो."

तो चिडला नाही, तेच जड गेलं. म्हणाला, "मी काय हौसंनं बोलावतोय? डोळं जळत्यात माझं धुरानं. शेगडीवर मानूस पायजे. तू न्हाईस तर पगारी ठेवाय लागतो."

हे तो तीन वर्षांत पहिल्यांदा बोलला. मी वेडा, मला वाटत होतं त्याला माझं फिरणं खुपतं.

"ठेव की मग," म्हणालो. "पगार मी देतो."

"जेवून-खाऊन छत्तीसशे मागत्यात."

"देतो म्हटलं न्हवं."

"दर म्हैन्याला? आन् तुझं डोंगर?"

"ते बी सोडणार न्हाई."

"मर तिकडं," तो म्हणाला, आणि मग, "लोकरीची टोपी घालत जा, थंडी असती म्हनं डोंगरात."

तर हिशेब असा. तीन ट्रिपा, सोनं शून्य. रेवाचा तो तिसरा कण धरायचा असेल तर धरा. गॅरेजातली पोरं हसतात, हसू देत. रात्रीचं पार्टटाइम काम धरलंय, एका वेळचं जेवण खोलीवरच करतो, आणि मार्चमध्ये ऊन चढायच्या आत पुन्हा त्याच ओढ्यात, त्या खड्ड्याच्या वरच्या अंगाला खणणार आहे. नवी मूस घेऊन. दादाचा माणूस एक तारखेपासून शेगडीवर बसलाय. पैसे धाडायची एक्स्चेंजची फी पंधरा दिरहॅम वेगळी भरली. त्याच्या पहिल्या महिन्याचे आज धाडतोय ते तीनशे दिरहॅम, म्हणजे तीन हजार सहाशे रुपये.