एजहिलला कोण जिंकलं?

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. माणूस दर उन्हाळ्यात शनिवारी कुरणात जाऊन खोटं खोटं मरायला लागला, की ते आपोआप साठतात!

मी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स गावचा, आयटीवाला. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास ऑफिसातल्या डेरेकने मला त्याच्या पलटणीत ओढलं. इंग्रजांच्या यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई एजहिलची, राजा विरुद्ध पार्लमेंट. तीच आम्ही त्या काळचे कपडे घालून पब्लिकसमोर खोटी खोटी लढायचो. डेरेक राजाकडून, त्याचा सख्खा भाऊ रॉन पार्लमेंटकडून. सात वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. रॉनने आईला केअर होममध्ये ठेवलं, ते डेरेकला मान्य नव्हतं, एवढंच. डेरेक आईला रविवारी भेटायचा, रॉन बुधवारी.

माझी बायको म्हणाली, "अरे, भांडायला घर कमी पडतं का तुला?"

*

कधी मरायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, अशी आमच्यात पद्धत. एकदा ऊन नुसतं मी म्हणत होतं. अर्ध्या तासात बघतो, तर आमचे सतरा जवान एकाच ओकच्या सावलीत धारातीर्थी! आमचा कॅप्टन ब्रायन, रिटायर्ड पोस्टमन, तिथूनच ओरडला, "गोळ्या काय फक्त झाडाखालीच येतात?"

एक मेलेला डोळे न उघडता म्हणाला, "सर, तुम्हीही या. जागा आहे!"

*

खऱ्या लढाईत राजाचं घोडदळ शत्रूला पळवत लांब गेलं, लुटालुटीत रमलं आणि वेळेवर परतलंच नाही. आमचं घोडदळ म्हणजे चार घोडी. तीही एकदा टेकडीपलीकडे गेली ती गेलीच. लढाई आटोपून शोधायला गेलो, तर चौघं स्वार आइस्क्रीम व्हॅनच्या क्यूमध्ये, घोड्यांसकट! मला वाटलं, ब्रायन आता यांची सालटी काढणार. तो उलट खूश.

"याला म्हणतात इतिहासाशी इमान!"

*

सासरे पुण्याहून आले होते. शाळेत जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस. लढाई संपल्यावर त्यांनी विचारलं, "जावईबापू, जिंकलं कोण?"

"कोणीच नाही, बाबा. दोघंही म्हणाले, आम्हीच जिंकलो. आणि मग पुढे कित्येक वर्षं लढत राहिले."

"हे काय भलतंच! त्या तुमच्या मित्राला विचारा."

डेरेक बाजूलाच बुटांचा चिखल खरवडत बसला होता. मी विचारलं.

"सकाळी दोघांनाही वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत मिटेल," तो म्हणाला. "मिटलं नाही. मग सवय झाली."

सासऱ्यांना इंग्रजी चांगलं कळायचं. त्यांनी खिशातला रुमाल काढून डेरेकपुढे धरला. मला मात्र घरी जाईपर्यंत वाईट वाटत राहिलं.

*

शेवटचा ड्रम वाजला की मेलेले उठतात. विरुद्ध बाजूचा जो कोणी सगळ्यात जवळ उभा असेल, त्याने हात देऊन उठवायचं. हा नियम कोणी मोडत नाही. म्हणून डेरेक नेहमी रॉनपासून जितकं लांब जमेल तितकं लांब मरायचा.

एका शनिवारी मात्र तो सरळ चालत गेला आणि रॉनच्या पायाशीच पडला.

ड्रम वाजला. सगळे उठले, टाळ्या झाल्या, लोक गाड्यांकडे निघाले. डेरेक पडलेलाच. मला राहवेना. धावत गेलो आणि हात पुढे केला.

"तू नको," तो डोळे मिटूनच म्हणाला. "तू आमच्या बाजूचा आहेस."

रॉन आपला लांबलचक भाला धरून नुसता उभा. मनात म्हटलं, झालं, आता हा पाठ फिरवून जाणार. तेवढ्यात रॉनने भाला माझ्या हातात कोंबला, गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि डेरेकच्या दंडाला धरलं.

"ऊठ लवकर," तो म्हणाला. "आईला भेटायची वेळ चारला संपते."